पाच डाव हरलेला सहाव्याला का बसतो: लीचेसचं प्रकरण

जानेवारी २०१३ मध्ये लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर रेटिंगचे, म्हणजे खेळाडूच्या बळाचा आकडा ज्यांवर ठरतो असे, साधारण १ लाख २१ हजार डाव खेळले गेले. जानेवारी २०२० मध्ये हा आकडा ४ कोटी ७० लाखांच्या आसपास पोचला होता. पुढच्या एका वर्षात तो दुपटीहून वर गेला आणि जानेवारी २०२१ मध्ये जवळपास ९ कोटी ९० लाख डाव झाले. इथवरची वाढ कुणालाही समजेल. मार्च २०२० पासून सगळं जग घरात कोंडलेलं होतं आणि हातात मोबाइल होता. मला अडवतो तो त्यापुढचा आकडा. जानेवारी २०२३ मध्ये शाळा भरत होत्या, कचेऱ्या सुरू होत्या, लोकल गाड्या पुन्हा तुडुंब होत्या. तरी त्या महिन्यात डाव झाले साधारण १० कोटी ३० लाख. पूर ओसरला, पाणी मात्र तेवढंच राहिलं.

हे आकडे जाहिरातीतले नाहीत. लीचेस दर महिन्याला रेटिंगचा प्रत्येक डाव सगळ्यांसाठी खुला करतं. कुणीही तो साठा उतरवून घ्यावा आणि स्वतः मोजावा. अर्थात डाव मोजले म्हणजे माणसं मोजली असं होत नाही. जुनाच खेळाडू दिवसाला दोनऐवजी पाच डाव खेळू लागला तरी आकडा फुगतो. पण वर्षभरात झालेली दुप्पट दोन वर्षांनीही तशीच राहते, तेव्हा आलेल्यांपैकी बरेच जण थांबले असं मानायला जागा आहे. ते का थांबले, एवढाच या टिपणाचा विषय.

मी आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांना बुद्धिबळ शिकवतो, म्हणून हा प्रश्न मला जवळचा वाटतो. शिकवणीत मुलं येतात भरपूर. जूनमध्ये पट कमी पडतात आणि दिवाळीनंतर पट उरतात. गळणारी मुलं मंद नसतात, बऱ्याचदा ती उरलेल्यांपेक्षा चलाख असतात. ती गळतात कारण सुरुवातीच्या दिवसांत ती सारखी हरतात, आणि आपण का हरलो हे त्यांना त्या क्षणी कुणी सांगत नाही. ऑनलाइन खेळात तर समोर गुरुजीही नाहीत आणि शेजारी मित्रही नाही. पान बंद करायला एक बोट पुरतं.

लीचेस २०१० मध्ये तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केलं. पुढे ते फ्रान्सच्या कायद्याखाली नोंदलेली, नफा न कमावणारी संस्था झालं. जाहिरात नाही, पैसे भरून मिळणारी वेगळी सोयही नाही. देणगी देणाऱ्याच्या नावापुढे पंखाचं एक छोटं चिन्ह येतं आणि तिथे देणगीदाराचे विशेष हक्क संपतात. सगळा प्रोग्राम खुला आहे, खर्चाचा हिशेबही खुला आहे. अशा संस्थेकडे नवे खेळाडू ओढून आणायला पैसा नसतो. तरी २०२० मध्ये माणसं आली, कारण आमंत्रण दुसरेच देत होते.

आपल्याकडे ते समय रैनाने दिलं. कार्यक्रम बंद पडलेला हा स्टँडअप कलाकार लॉकडाऊनमध्ये यूट्यूबवर थेट बुद्धिबळ खेळू लागला. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी आणि मुंबईचा इंटरनॅशनल मास्टर सागर शहा त्याच्यासोबत बसू लागले. विनोदी कलाकार एकमेकांशी खेळायचे, चुकायचे, वजीर फुकट घालवायचे आणि ग्रँडमास्टर हसत हसत ती चूक समजावायचा. चुकणारा माणूस पडद्यावर इतका आनंदात आहे हे बघून हजारो मुलांना वाटलं की हे आपल्यालाही जमेल. त्यांचे सामने मुख्यतः चेस डॉट कॉमवर व्हायचे. ऑक्टोबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर एका बुद्धिबळपटू मुलीची मालिका आली आणि दुसरी लाट उठली. तिचंही पहिलं पाणी त्याच मोठ्या, व्यापारी संकेतस्थळाकडे गेलं, आणि ते त्यांनी कमावलेलं होतं. जून २०२० मध्येच त्यांनी गेम खेळून दाखवणाऱ्या लोकप्रिय मंडळींना, त्यांतल्या निव्वळ नवशिक्यांनाही, एकमेकांशी बुद्धिबळ खेळायला बसवून स्पर्धा भरवली होती. माणूस दारापर्यंत आणण्याच्या कामात चेस डॉट कॉम पुढे होतं, यात मला शंका नाही. लीचेसकडे शिकण्यासारखं आहे ते दाराच्या आतलं.

आधी दारच पाहू. लीचेसवर खेळायला खातं काढावं लागत नाही. ना ईमेल, ना मोबाइल नंबर, ना ओटीपी. मित्राशी खेळण्याचं बटण दाबलं की एक दुवा तयार होतो. तो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, आणि समोरच्याने उघडला की पट समोर येतो. एक उदाहरण कल्पनेने घेऊ. पुण्यातल्या मामाने इस्लामपूरच्या भाचीला दुवा पाठवला. आठवीतली ही मुलगी, तिच्याकडे आईचा फोन. तिला खेळाच्या संकेतस्थळावर जायचंच नव्हतं, तिला मामाशी खेळायचं होतं. दोघांच्या आड लीचेस आलं नाही. आधी नाव सांग, मग आत ये, असं म्हणालं नाही. डाव संपल्यावर तिला वाटलंच तर खातं काढेल, नाही तर उद्या मामा परत दुवा पाठवेल.

ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण माझ्या मते अर्धं काम इथेच झालं. नवा माणूस पहिल्यांदा येतो तो ओळखीच्याचा हात धरून, खेळाच्या ओढीने तो नंतर येतो. गावातल्या पारावर पट मांडलेला असेल तर आपणही आधी ओळखीच्या माणसाशेजारी टेकतो, मग बघतो, मग एखादा डाव मागतो. त्या पारावर वर्गणीची पावती फाडणारा बसवला, तर पहिल्या दिवशीच निम्मी माणसं वळतील.

दुसरी गोष्ट पानाच्या वजनाची. जाहिराती नसल्यामुळे पान हलकं राहतं आणि साध्या फोनवर, कमी नेटवर्कमध्येही पट उघडतो. चाल पोचायला नेटवर्कमुळे जो उशीर होतो, त्यातला काही वेळ सर्व्हर खेळाडूच्या घड्याळात परत टाकतो. हे किती महत्त्वाचं आहे ते भारताने ऑगस्ट २०२० मध्ये अनुभवलं. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या पहिल्या ऑनलाइन ऑलिम्पियाडच्या अंतिम फेरीत निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचं इंटरनेट तुटलं आणि वेळ संपल्यामुळे दोघांचे डाव गेले. विदित त्या संघाचा कर्णधार होता. भारताने दाद मागितली आणि फिडेने सुवर्णपदक भारत आणि रशियाला वाटून दिलं. तो बिघाड जागतिक पातळीवरचा होता आणि भरपाईचा वेळ देऊन तो सुटला नसता. पण चाल बरोबर असूनही घड्याळ पडतं, तेव्हा काय वाटतं ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. ऑलिम्पियाडच्या खेळाडूला दाद मागता येते. पहिल्याच दिवशी नेटमुळे हरलेला नवखा कुणाकडे जाणार? तो निघून जातो.

आता मुख्य मुद्दा, पहिल्या पाच डावांचा.

आपल्या कल्पनेतल्या भाचीने खातं काढलं असं धरू. या काळात लीचेसवर नव्या खात्याची सुरुवात १५०० रेटिंगने व्हायची. पुढे एक प्रश्नचिन्ह असायचं, म्हणजे हा आकडा अजून कच्चा आहे. १५०० हा लीचेसवर मधला आकडा आहे, तिथला सर्वसाधारण खेळाडू साधारण तिथेच असतो. पण सर्वसाधारण खेळाडू म्हणजे काही शे डाव खेळलेला, उघडा पडलेला घोडा लगेच टिपणारा माणूस. भाचीला हत्ती सरळ जातो आणि उंट तिरका, एवढंच ठाऊक. पहिल्या डावात ती पंधरा चालींत हरणार. कदाचित चौथ्या चालीलाच वजीर आणि उंट मिळून तिला मात देतील.

गणिताला हे ठाऊक आहे. लीचेस ग्लिको-२ ही पद्धत वापरतं. तीत रेटिंगसोबत त्या रेटिंगबद्दलची अनिश्चितताही मोजतात. नव्या खेळाडूची अनिश्चितता प्रचंड असते, म्हणून आकडा मोठ्या उड्या घेतो. सूत्रात घालून पाहिलं, आणि दर वेळी आपल्याच रेटिंगचा प्रतिस्पर्धी मिळतो असं धरलं, तर पहिल्या हारीत सव्वादोनशेच्या आसपास गुण जातात, दुसऱ्या हारीत सुमारे एकशे चाळीस, तिसऱ्या हारीत शंभर, चौथ्या हारीत ऐंशीच्या जवळ. पाच हारींनंतर भाची नऊशेच्या खाली पोचलेली असते. आणि तिथे तिच्यासारखेच लोक असतात. तेही वजीर उघडा ठेवतात, तेही जिंकत आलेल्या डावात राजाला शह न देता कोंडून टाकतात आणि डाव बरोबरीत सुटला म्हणून चक्रावतात. सहावा किंवा सातवा डाव तिच्या जोडीचा असतो.

गणित म्हणून हे सुरेख आहे. इतक्या कमी डावांत ही पद्धत खेळाडूच्या खऱ्या बळाच्या बरीच जवळ पोचते. पण आठवीतल्या मुलीच्या बाजूने बघा. तिने पाच डाव खेळले आणि सहाशेहून जास्त गुण गमावले. हे मोजमाप चाललंय हे तिला कुणी सांगितलेलं नाही. तिला ती घसरण वाटते. शाळेत पहिल्याच दिवशी पन्नासपैकी पन्नास गुण हातात द्यायचे आणि मग रोज दहा कापायचे, तसं. शून्यापासून चढत आठशेला पोचलेली आणि पंधराशेवरून उतरत आठशेला पोचलेली, दोघींचं बळ सारखंच. पण दुसऱ्या दिवशी पट उघडेल ती बहुधा पहिली.

चेस डॉट कॉमने इथे दुसरी वाट धरली. खातं काढतानाच ते विचारतात की तुम्ही अगदी नवे आहात, थोडं येतं, की बरं खेळता, आणि उत्तराप्रमाणे सुरुवातीचा आकडा देतात. एक साधा प्रश्न, पण त्याने चार-पाच अपमान वाचतात. मला हा मार्ग अधिक माणुसकीचा वाटतो. त्याच्या विरोधातला मुद्दा मला ठाऊक आहे: लोक खोटं सांगतात. बलवान खेळाडू मुद्दाम नवखा म्हणवून घेतो आणि खऱ्या नवख्यांना झोडपतो. खरं आहे. पण १५०० च्या दारातही तेच होतं. जुनं खातं सोडून किंवा बंद पडलं म्हणून नवं काढलेला तगडा खेळाडू आणि काल चाली शिकलेली मुलगी, दोघं एकाच प्रश्नचिन्हाखाली शेजारी उभे राहतात. प्रश्न विचारला तर निदान बरेच प्रामाणिक लोक योग्य रांगेत जातील.

मग पाच डाव हरूनही माणसं टिकली कशी? माझ्या वाचनाप्रमाणे कारण डाव संपल्यानंतरच्या पडद्यावर आहे.

डाव संपला की विश्लेषणाचं बटण समोर येतं. दाबलं की स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा जगातल्या सर्वांत बलवान प्रोग्रामांपैकी एक, तुमचा डाव तपासतं. कुठल्या चालीला डाव फिरला त्याचा आलेख दिसतो, चूक आणि घोडचूक वेगळी दिसते. यासाठी पैसे नाहीत. एवढी आकडेमोड फुकट कशी परवडते, याचं उत्तर मला फार आवडतं. जगभरचे स्वयंसेवक आपल्या घरच्या संगणकाची रिकामी ताकद लीचेसला उसनी देतात आणि त्यावर अनोळखी लोकांचे डाव तपासले जातात. इस्लामपूरच्या मुलीचा हरलेला डाव कदाचित कुणा परक्या देशातल्या माणसाच्या खोलीतला संगणक वाचत असतो.

त्याहून मोठी सोय म्हणजे ‘चुकांतून शिका’. नुसतं ‘इथे चुकलात’ असं सांगून ते थांबत नाही. तुमच्या डावातली ती जागा पटावर पुन्हा मांडली जाते आणि विचारलं जातं: आता सांगा, इथे काय खेळायला हवं होतं? तुम्ही शोधता. सापडलं की पुढची चूक. पाच मिनिटांत तुम्ही हरलेल्या डावातले तीन-चार प्रश्न सोडवलेले असतात. हार तीच, पण तोंडात राहिलेली चव वेगळी. डाव बंद करताना शेवटची आठवण मात झाल्याची राहत नाही. बरोबर चाल सापडल्याची राहते.

शिकवणीत हे करायला मला एका मुलामागे वीस मिनिटं लागतात आणि समोर चौदा मुलं असतात. म्हणून मी हरलेल्या डावाकडे नेमका वळू शकत नाही तेव्हाच मूल हिरमुसून पट आवरतं. जो शिक्षक हरलेल्या मुलाशेजारी लगेच बसू शकतो, त्याची मुलं गळत नाहीत. लीचेसने ते बसणं प्रत्येकाला मिळवून दिलं. यात एक उणीव आहे आणि ती मोठी आहे. इंजिन चाल सांगतं, कारण सांगत नाही. ‘तुझा घोडा दोघांवर डोळा ठेवून होता, तो तू हलवलास’ हे वाक्य माणूसच बोलतो. अगदी नवख्याला आलेखातली दरी दिसते, दरी का पडली ते दिसत नाही. तिथे मामा लागतो.

कोड्यांचंही असंच आहे. लीचेसची कोडी खेळल्या गेलेल्या डावांतूनच काढलेली आहेत. त्यांची संख्या आज ५० लाखांच्या वर आहे आणि तो संग्रहही सगळ्यांना वापरायला मोकळा आहे. कोड्यांना विषयवार लावलं आहे, म्हणून नवखी मुलगी फक्त एका चालीत मात हा विषय घेऊन अर्धा तास बसू शकते. पुस्तकातली कोडी रचलेली असतात. ही मात्र कुणीतरी खरोखर चुकल्यामुळे जन्माला आली आहेत, आणि ती चूक करणारा बऱ्याचदा साधाच खेळाडू असतो. सोडवताना मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात: बाकीचेही असंच चुकतात.

स्पर्धांबद्दल थोडं. हॉलमधल्या शनिवार-रविवारच्या स्पर्धेत हरलेलं मूल पुढच्या फेरीपर्यंत तास-दीड तास बाकावर बसून राहतं. आई डबा उघडते, बाबा विचारतात ‘काय झालं रे?’ आणि ते दीड तास फार लांब असतात. लीचेसवर अरेना नावाचा स्पर्धेचा प्रकार आहे, त्यात ठरलेल्या वेळात कितीही डाव खेळता येतात. जिंकलं तर दोन गुण, बरोबरीला एक, हरलं तर शून्य, आणि लगेच पुढचा प्रतिस्पर्धी. बाद कुणीच होत नाही. जोड्या साधारण बरोबरीच्या स्थानांवरच्या लोकांत लागतात, म्हणून तळातले तळातल्यांशी खेळतात आणि तळातही चुरस राहते. पाचशेव्या क्रमांकावरच्या मुलाला चारशेऐंशीवा गाठायचा असतो. हे ध्येय हाताशी असतं. सलग दोन डाव जिंकले की पुढच्या डावाचे गुण दुप्पट मिळू लागतात, त्यामुळे शेवटच्या दहा मिनिटांतही काही घडू शकतं.

पण खरा चिकटवणारा पदार्थ म्हणजे संघ. मार्च २०२० मध्ये जर्मनीतल्या क्लबांच्या संध्याकाळच्या बैठका बंद पडल्या, तेव्हा तिथल्या काही मंडळींनी लीचेसवर संघांची लीग सुरू केली. नावच क्वारंटाइन लीग. अनेक संघ एकाच अरेनात उतरतात, प्रत्येक संघातल्या वरच्या ठरावीक खेळाडूंचे गुण मोजले जातात, आणि जिंकणारे संघ वरच्या गटात चढतात. बघता बघता बाकीच्या देशांतले संघ आले आणि लीगचे गटावर गट वाढत गेले. यात नवख्याचं काय? त्याचे गुण बहुधा मोजलेच जात नाहीत, वरच्यांचे मोजले जातात. तरी तो असतो. त्याच्या नावापुढे क्लबचं नाव असतं, दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी त्याची वाट बघणारं कुणीतरी असतं. रेटिंग नऊशे असलं तरी तो आमचा.

आपल्याकडे हे नवं नाही. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, ते पिढ्यान्‌पिढ्या चाललं. मंडळ म्हणजे जागा, ठरलेली वेळ आणि ओळखीची तोंडं. त्या तिन्ही गोष्टी ऑनलाइन उभ्या करता येतात हे त्या जर्मन क्लबांनी दाखवलं. आणि लीचेसने त्यांच्यासाठी वेगळं काही बांधलं नव्हतं. संघ आणि संघांच्या लढती ही हत्यारं तिथे आधीच पडलेली होती. वापरणाऱ्यांनी लीग बनवली. माझ्या मनात या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. संकेतस्थळाने सगळं स्वतः करायचा हट्ट धरला नाही म्हणून हे घडलं.

नव्याला पळवून लावणारा आणखी एक जण असतो, फसवणारा. इंजिनच्या मदतीने खेळणारा, किंवा मुद्दाम हरत खाली येऊन नवख्यांना धुणारा. लीचेसवर अशी खाती पकडायला यंत्रणा आहेत आणि स्वयंसेवकही आहेत. पकडलेल्याकडून जे हरले त्यांचे गेलेले गुण परतही केले जातात. तो परताव्याचा निरोप माणसाला जो दिलासा देतो, तो गुणांच्या मानाने फार मोठा असतो. ‘तू मूर्ख नव्हतास, तुला फसवलं होतं’ असं कुणी नंतर का होईना येऊन सांगितलं, एवढं पुरतं. लहान मुलांसाठी वेगळी पद्धत आहे. ती सुरू केली की गप्पा आणि निरोप बंद होतात, राहतो फक्त पट. मी पालकांना ही सोय पहिल्याच दिवशी सुरू करायला सांगतो. रेटिंग न दाखवण्याचीही सोय आहे. घसरणारा आकडा ज्याला बोचतो त्याने तो डोळ्याआड करावा आणि खेळत राहावं. फक्त ही सोय पसंतीच्या पानांत आत दडलेली आहे, आणि जिला ती हवी असते तिला त्या पानाचा पत्ता नसतो.

पैशाबद्दल एक निरीक्षण. ज्या खेळाचा धंदा नव्याच्या रोजच्या येण्यावर चालतो, त्याला नव्याला बांधून ठेवावं लागतं: रोजची हजेरी, हजेरी चुकली की तुटणारी साखळी, बक्षिसाची पेटी, आठवणीचे निरोप. लीचेसला याची गरज नाही. चार दिवस आला नाहीत तर तिथे काहीच तुटत नाही. याचा तोटाही झाला असणार. विसरलेला माणूस विसरलेलाच राहतो, त्याला हाक मारणारं कुणी नाही. पण जो राहिला तो खेळासाठी राहिला. महिन्याला १० कोटी डाव अशा माणसांनी खेळावेत, ही गोष्ट मला रोजच्या हजेरीच्या कुठल्याही आकड्यापेक्षा भक्कम वाटते.

भाषेचाही वाटा आहे. लीचेसची भाषांतरं स्वयंसेवक करतात, शंभराहून जास्त भाषांत ते दिसतं आणि त्यांत मराठीही आहे. आपल्या मुलांना बुद्धिबळाचे इंग्रजी शब्द येतात, ती तेवढ्यावर अडत नाहीत. अडतात आजोबा. ज्यांना प्यादं, हत्ती, वजीर, किल्लेकोट हे शब्द सत्तर वर्षं तोंडात आहेत, त्यांना पडद्यावर ओळखीचा शब्द दिसला की ते दोन बटणं जास्त दाबून बघतात. नवा खेळाडू म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर शाळकरी मूल येतं. पण निवृत्त झालेला, खेळ येणारा आणि खेळायला माणूस नसलेला, हाही नवा खेळाडूच आहे. त्याला चाली शिकवायच्या नाहीत, त्याला फक्त जोडीदार हवाय. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना मी दुवा पाठवून बसवलं. ते आता रोज दुपारी नागपूरच्या भावाशी खेळतात, दोघांपैकी कुणीही खातं काढलेलं नाही.

एखादं नवं डावपेचाचं संकेतस्थळ उभं करणारा मला भेटला आणि या प्रकरणातलं काय घेऊ म्हणाला, तर मी त्याला घड्याळ लावून बसायला सांगेन. अगदी नवा माणूस आणा, त्याच्या हातात फोन द्या, काही बोलू नका. पहिली चाल खेळायला त्याला किती वेळ लागतो ते लिहा. तो पहिल्यांदा हरेल तेव्हा पुढची तीस सेकंदं त्याच्या पडद्यावर काय आहे ते लिहा. मग त्याच्या बळाचा माणूस समोर यायला किती डाव गेले ते लिहा. लीचेस पहिल्या दोन कसोट्यांवर मला माहीत असलेल्या कुठल्याही जागेपेक्षा चांगलं उतरतं. तिसरीत ते गणितावर फार विसंबलं. दारात एक प्रश्न विचारला असता, ‘आजच शिकलात का?’, तर कितीतरी भाच्यांचा पहिला डाव त्यांच्याच जोडीच्या कुणाशी झाला असता.